चिकटपट्टीने बांधलेल्या बॅटऱ्या

कपाटे बनविणाऱ्या त्या कारखान्यात काकूंचे टेबल जिन्याखाली होते आणि राहण्याची खोली त्याच जिन्याच्या वर, माळ्यावर होती. कारखाना त्यांच्या धाकट्या दिरांचा. काकूंचे पती हयात असताना तो दोघा भावांचा होता. ते गेल्यावर तो एकाचा कसा झाला, हे काकूंना कोणी समजावून सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. डोक्यावर छप्पर आहे, हातात काम आहे, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले होते.

त्यांचे काम बिनवायरीच्या मशिनींचे. भोके पाडण्याच्या आणि स्क्रू पिळण्याच्या बारा पिवळ्या मशिनी पतीने हौसेने घेतल्या होत्या. बॅटरी कशी उघडावी, आतला कोणता सेल आजारी आहे ते मीटर लावून कसे ओळखावे, हे त्यांनीच पत्नीला शिकविले. पुढे कंपनीने त्या बॅटऱ्या बनविणेच बंद केले. मशिनी ठणठणीत, पण बॅटऱ्या एकेक करून संपल्या.

"मशिनी अगदी दादावर गेल्यात," दीर सर्व कारागिरांसमोर म्हणाले. "अंगाने धडधाकट, आत जीव नाही."

सुतार सर्वांत मोठ्याने हसला. काकू खाली पाहून स्क्रू वेचत राहिल्या.

मग दिरांनी दुसऱ्या कंपनीच्या हिरव्या बॅटऱ्या आणल्या आणि सोबत अडॅप्टर आणले. अडॅप्टर म्हणजे तळहाताएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा. एका बाजूने तो हिरव्या बॅटरीवर सरकतो आणि दुसऱ्या बाजूने पिवळ्या मशिनीत बसतो. परक्या घरच्या मुलीला या घरची भाषा समजावून सांगणारा मध्यस्थच तो.

पहिल्याच दिवशी सुतार अडून बसला. मशिनीवर अठरा व्होल्ट लिहिले होते आणि बॅटरीवर वीस.

"काकू, ही जळाली तर माझ्या नावावर नको."

"जळत नाही. दोन्ही एकच आहेत," काकू म्हणाल्या. "एका कंपनीने जेवण झाल्याबरोबर वजन केलं, वीस लिहिलं; दुसरीने चार कामं उरकल्यावर केलं, अठरा लिहिलं. माणूस तोच."

त्यांनी मीटर लावून दाखविले आणि मशिनी सुरू झाल्या.

महिनाभर सर्व सुरळीत चालले. त्यानंतर मात्र बॅटऱ्या मरू लागल्या. चार्जरवर ठेवावी तर लाल दिवा लुकलुके आणि चार्जर तिला स्वीकारतच नसे. पाचवी बॅटरी गेली त्या दिवशी दीर जिन्याखाली येऊन उभे राहिले. कारागिरांचे हात थांबले.

"वहिनी, दादासुद्धा शेवटी तुमच्याच हातात होता. तुमच्या हाताला काही टिकत नाही बघा." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "शनिवारपर्यंत कारण शोधा. नाही सापडलं तर माळा रिकामा करा."

त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांना व्हार्निशचे डबे ठेवायला माळा हवा होता. "ताई, माझी काही घाई नाही हं," त्या म्हणाल्या. "डबे काय, रविवारीसुद्धा चढवता येतील."

काकूंनी मेलेल्या बॅटऱ्या उघडल्या. सेल फुटलेले नव्हते, गंजलेले नव्हते. ते केवळ रिकामे झाले होते, आणि इतके रिकामे की चार्जरला ती बॅटरीच वाटत नव्हती. याचा अर्थ, कोणीतरी त्यांना तळापर्यंत पीत होते.

कोण पीत होते, हे त्यांना अडॅप्टरकडे पाहताना कळले. प्रत्येक अडॅप्टरवर मोहरीएवढा लाल दिवा होता. बॅटरीवर बसविल्यापासून काढेपर्यंत तो जळत राही. संध्याकाळी अडॅप्टर काढला की दिवा विझावा. पण येथे तो काढलाच जात नव्हता.

कारण दिरांचा नियम. पहिल्या आठवड्यात दोन अडॅप्टर नाहीसे झाले, तेव्हापासून त्यांचा कारागिरांवर विश्वास उरला नव्हता. सकाळी चार्ज झालेल्या प्रत्येक बॅटरीवर ते स्वतः अडॅप्टर चढवीत, त्याभोवती काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे देत आणि पट्टीवर पांढऱ्या पेनाने सही करीत. संध्याकाळी सही तपासून सर्व जोड्या कपाटात कुलूपबंद होत. पट्टी सुटायची ती दुसऱ्या दिवशी, त्यांच्याच हाताने. दिवसभर कामाने थकलेली बॅटरी रात्रभर त्या दिव्याला पाजीत बसे. सुटीला जोडून आलेल्या रात्री तर तिच्या मरणाच्याच.

चोर कारागिरांत नव्हता. तो सहीच्या खाली होता. पण हे तोंडाने कसे सांगावे? काकूंनी ते मीटरकडूनच वदवायचे ठरविले.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी दोन थकलेल्या बॅटऱ्या मोजल्या. दोन्हींचा आकडा सतरा भरला. "भाऊजी, शनिवारपर्यंत यातली एक पट्टीसकट ठेवा आणि एक अडॅप्टर काढून."

"का? काढलेला अडॅप्टर विकायचा आहे का?"

"तुमच्याच कुलपात ठेवा."

त्यांनी ठेवले. काकूंनी कपाटाच्या दाराच्या आत खडूने सतराचा आकडा दोनदा लिहिला.

शनिवारी सकाळी सर्वांसमोर कपाट उघडले. मोकळ्या बॅटरीचा आकडा सतरा होता. पट्टीवाल्या बॅटरीचा अकरा. पहिली चार्जरने घेतली. दुसरीवर लाल दिवा लुकलुकू लागला.

काकूंनी वाक्य पाठ करून ठेवले होते. "दोष कोणाचाच नाही, भाऊजी. अडॅप्टरचा दिवा रात्रभर जळतो. संध्याकाळी अडॅप्टर वेगळा केला की बॅटऱ्या जगतील."

दिरांनी ती पट्टी हातात घेतली. स्वतःची सही पाहिली. ती चुरगाळून खिशात घातली आणि ते कारागिरांकडे वळले.

"मला पहिल्यापासून शंका होतीच. अडॅप्टर लावून ठेवायची अक्कल कोणाची? आजपासून जो विसरेल, तो घरी."

कोणी वर पाहिले नाही. सुताराने मान डोलावली. काकूंनाही ते चालणार होते. श्रेय कोणीही घ्यावे, खोली वाचली म्हणजे झाले.

"आणि वहिनी," दीर म्हणाले, "बॅटऱ्या आता मरणारच नाहीत. मग हे टेबल कशाला, आणि वरची खोली तरी कशाला?"

"भाऊजी, तुम्ही म्हणाला होतात, कारण सापडलं नाही तर—"

"सापडलं म्हणून तर म्हणतोय. नसतं सापडलं तर शोधायला तरी ठेवलं असतं."

या वेळी सगळेच हसले. विनोद चांगला होता.

काकू म्हणाल्या, "अजून एक गोष्ट सांगायची राहिली. आपल्या जुन्या बॅटरीत तिसरी तार होती. बॅटरी संपत आली की—"

"पुरे. दुखणं बरं झालं, आता वैद्याने नाडी सोडावी."

त्यांनी नाडी सोडली.

सामान फार नव्हतेच: दोन पिशव्या, एक मीटर. बहिणीच्या स्वयंपाकघरात अंथरुणापुरती जागा होती, तिकडे त्या निघाल्या होत्या. त्या जिना उतरत असतानाच व्हार्निशचे डबे वर जात होते.

सुतार खाली जाड फळीत स्क्रू पिळीत होता. मशिनीचा आवाज खोल गेला होता, ती घरघरत होती. तिसऱ्या तारेचे सांगायचे राहिले होते ते हेच. जुनी बॅटरी संपत आली की ती तार मशिनीला थांबवीत असे. अडॅप्टरमध्ये ती तारच नाही. त्यामुळे खटका दाबत राहिले तर मशीन भर दिवसा, सर्वांसमोर, बॅटरीचा शेवटचा थेंबही पिऊन टाकते. अडॅप्टर रात्री वेगळा ठेवून तेथे काहीच उपयोग नाही. आणि आता बॅटरी मेली तर ती ज्याच्या हातात असेल, त्याच्याच नावावर जाणार होती.

सुताराने मान वर केली. "काकू, जाता जाता बघा ना जरा. ही रडतेय का? थांबवू?"

पतीच्या मागे इतकी वर्षे काकूंनी बॅटरीविषयी कधी खोटे सांगितले नव्हते. त्यांनी मीटरची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"दाबा तुम्ही," त्या म्हणाल्या. "आहे अजून जीव तिच्यात."

त्याने खटका दाबून धरला.