पात्यावरची नावं

संग्रहालयातल्या काचेमागे प्राचीन चिनी सैनिकाचं काशाचं पातं ठेवलं आहे. लांब काठीला आडवं बांधायचं आणि रथातल्या माणसाच्या मानेत अडकवून त्याला खाली ओढायचं, असं ते हत्यार. त्यावर बारीक अक्षरं कोरलेली आहेत.

"घडवणाऱ्याचं नाव," गाइड बाई म्हणाल्या. "पातं मोडलं तर त्याला शिक्षा करता यावी म्हणून."

आमचे मॅनेजर खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा मॅडम, याला म्हणतात शिस्त. आणि तुम्ही परवाच्या चुकीला जबाबदार असणाऱ्यांची यादी अजून दिली नाहीत."

परवा आमच्या कारखान्याची एक खेप परत आली, भाग मोडले म्हणून. ती ज्याच्या हातून गेली, त्या फिटरला त्यांना घरी बसवायचं आहे. हलक्या प्रतीचं पोलाद मागवलं मॅनेजरांनी, सही करून उतरवून घेतलं मी.

मी त्या अक्षरांकडे रागाने पाहत राहिले. धार शत्रूकडे आणि अक्षरं घडवणाऱ्यावर रोखलेली. सैनिकाला निदान शत्रू समोर दिसत असेल. स्वतःचं नाव कोरताना या माणसाचा हात कसा चालला असेल?

"पण खालच्या माहितीच्या पाटीवर नावं तीन दिसतात," मी म्हणाले.

"हो. आधी प्रधानाचं, मग कारखान्याच्या अधिकाऱ्याचं, कारागीर शेवटी."

मॅनेजर पुढच्या काचेकडे निघाले होते.

"यादी उद्या सकाळी टेबलावर ठेवते, साहेब," मी म्हणाले. "पहिलं नाव तुमचं, दुसरं माझं."