टॅगची शिकवणी

लग्नानंतर मी पोलादपूरजवळच्या कापडे गावात आणि हे मुंबईत. आमच्या गावात निम्म्या बायकांचं असंच असतं, त्यामुळे मला त्याचं वेगळं काही वाटलं नाही. हे एका लहान ऑफिसात वेबसाइटची पानं बनवायचे. गणपतीला घरी आले की फोनवर एका सोन्याच्या दुकानाचं पान उघडून माझ्यापुढे धरायचे. "हे मी केलंय," म्हणायचे. मी मान डोलवायचे. त्यातलं मला काही कळत नव्हतं, पण यांचा चेहरा खुललेला दिसायचा.

मग यांना काचबिंदू निघाला, तोही उशिरा कळला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येणार नाही. ऑफिसने थोडे दिवस सांभाळून घेतलं, मग नको म्हणाले. हे एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन घरी आले.

महाड-पोलादपूरच्या दोन-चार दुकानदारांची कामं यांनी धरली होती. ती सोडायची यांची तयारी नव्हती. एका सकाळी मला पडवीत लॅपटॉपसमोर बसवलं आणि म्हणाले, "मी सांगतो, तू टाइप कर."

मी बी.ए. झालेली. मराठी टाइप करायला येत होतं, पण हे काही मराठी नव्हतं, धड इंग्रजीही नव्हतं. हे समजावून सांगायचे, "ही एचटीएमएल. मजकुराला खुणा लावायच्या, त्यांना टॅग म्हणतात. हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, हा तक्ता आहे, असं ब्राउझरला सांगायचं. टॅग उघडलास की बंद करायचा." मी बंद करायला विसरायचे आणि खालचं अख्खं पान ठळक अक्षरांत यायचं. यांना ते नीट दिसायचं नाही, मला कारण सापडायचं नाही. मग यांचा आवाज चढायचा.

एकदा सासूबाई वाल सोलता सोलता म्हणाल्या, "तुला दिसत नाय तो तिचा गुन्हा हाय काय रे?"

हे दुपारी जेवायलाही उठले नाहीत.

मी मात्र शिकत गेले. महाडला शेतीपंप विकणारे एक शेठ होते. त्यांच्या जुन्या पानावर मालाची सगळी माहिती एका फोटोत होती, दुकानातल्या फलकाचाच फोटो काढून टाकलेला. मी त्यांना भेटून सांगितलं, "गूगल फोटोतली अक्षरं धड वाचत नाही. पंपाचं नाव शीर्षकात घालू या, माहिती तक्त्यात, आणि नंबरवर बोट ठेवलं की फोन लागेल असं करू." ते म्हणाले, "ताई, करा काय ते." काही आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. तुडील, उमरठ अशा गावांतल्या लोकांचे फोन येऊ लागले होते, कोणता पंप आहे ते आधीच वाचून. पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला काहीतरी येतं. यांना सांगितलं, तर म्हणाले, "पान पाठवायच्या आधी मला दाखवत जा. मी तपासल्याशिवाय काही जाता कामा नये."

तसंच चाललं. मी पान करायचे, हे पडद्याला नाक लावून बघायचे आणि एखादी चूक काढायचे. हळूहळू चुका निघेनाशा झाल्या. मला वाटलं, माझा हात बसला.

पावसातली एक दुपार. सकाळपासून लाइट नव्हती. मी पान तयार करून यांच्यापुढे ठेवलं आणि चहा करायला आत गेले. परत आले तेव्हा लॅपटॉपची बॅटरी संपली होती. पडदा काळा झाला होता आणि हे त्याच्याकडे बघत बसले होते, एक बोट पडद्यावरून सावकाश खाली नेत.

"बघितलंत?" मी विचारलं.

"हो. वरचं शीर्षक जरा लहान कर. बाकी ठीक आहे."

मी कप यांच्या हातात दिला. "करते," मी म्हणाले. मी दुसरं काय बोलणार होते? लाइट आल्यावर मी ते शीर्षक खरंच लहान केलं.

पुढे ते लपवण्यासारखं राहिलं नाही. महाडच्या एका अंध शिक्षकांनी फोनवरून सांगून पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवून दिला. पंपवाल्यांचं पान त्या आवाजाने नीट वाचलं, शीर्षक, तक्ता, सगळं. बऱ्याच दिवसांनी हे हसले. मग म्हणाले, "ते सोन्याच्या दुकानाचं लाव."

मी लावलं. आवाज म्हणाला, "ग्राफिक." मग एक लांबलचक आकडा. पुन्हा "ग्राफिक", पुन्हा आकडा. हार, बांगड्या, भाव, पत्ता, सगळं चित्रांत होतं आणि कुठल्याच चित्राला वर्णन दिलेलं नव्हतं. तेवढी एक ओळ टॅगमध्ये लिहायची सोय पहिल्यापासून असते, मला हे यांनीच शिकवलं होतं.

यांनी पान शेवटपर्यंत ऐकलं. "एवढी वर्षं मी हे करत होतो," म्हणाले. मग त्या दुकानाला फोन लावला, फुकट दुरुस्त करून देतो म्हणाले. तिकडून उत्तर आलं, काम आता दुसऱ्यांकडे आहे, तुम्ही हात लावू नका. त्यानंतर यांनी लॅपटॉप जवळ घेतला नाही. आवाज लागला तरी म्हणत, "बंद कर ते."

दुकानदारही एकेक करून तयार अॅपकडे गेले. पंपवाले शेठ तेवढे राहिले. मी महाडबाहेरच्या एका रसायनाच्या कारखान्यात ऑफिसच्या कामाला लागले. तिथे परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं एक्सएमएलमध्ये जातात. टॅग तसेच, फक्त त्यांची नावं धंद्याची: माल, वजन, पिंपं, धोक्याची सूचना. एक टॅग उघडा राहिला की समोरचा कॉम्प्युटर सगळं परत पाठवतो. माझं फारसं परत येत नाही. साहेबांनी विचारलं, कुठे शिकलात? नवऱ्याकडे, म्हटलं. ते म्हणाले, आणा त्यांना, नवीन मुलींना शिकवतील.

मी घरी येऊन सांगितलं. हे पडवीत बसले होते.

"शिकवायला पडदा लागतो," म्हणाले.

"मला शिकवलंत तेव्हा कुठे धड दिसत होतं?"

"तेव्हा दिसतंय असं वाटत होतं."

मी पुन्हा विषय काढला नाही. सकाळी पोलादपूरहून एसटी धरते, संध्याकाळी परतते. सासूबाई सांगतात, "दिवसभर बोलला नाय गो." मी आत जाऊन चूल पेटवते.