राजय्या मामांचे कान

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, तिसरा रविवार, सकाळचे दहा. नवी पेठेतल्या एका कापड दुकानावरच्या खोलीत आम्ही आठ जण जमलो होतो. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चार खेड्यांतल्या शाळांत आठ दिवस काम करायला जायचे ठरले होते. वर्गणी माणशी अठ्ठावन्न हजार, जमाखर्च माझ्याकडे. मी खाली मान घालून आकडे वाचू लागलो, तसा समोरच्या खुर्चीतला सत्तरीचा माणूस मोठ्याने म्हणाला, "वहीकडं काय बघतो बे, देशमाने? तोंड इकडं कर की. वहीला ऐकू येतंय व्हय?"

हे राजय्या मामा. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि चाळीस वर्षे यंत्रमागावर काम. त्या खडखडाटात त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता, उजवा अर्धा. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून ते बोलणे पकडत. कारखान्यात सगळेच असे बोलतात, असे त्यांनी मला सांगितले. माग चालू असताना ओरडून उपयोग नसतो, म्हणून ओठ हलवायचे आणि हाताने खुणा करायच्या. पाणी हवे, मुकादम आला, धागा तुटला, प्रत्येकाची खूण ठरलेली. मुलाने कानाचे मशीन घेऊन देतो म्हटले, तर मामांचे उत्तर तयार होते. "चाळीस वर्षं गलका ऐकला. आता कुटं शांतता मिळालीय, ती बी घालवू का?"

या वयात परदेशी कशाला जाता, असे कोणीतरी विचारले. मामा म्हणाले, "सोलापूरच्या चादरी जगभर जाऊन आल्या. विणणारा एकदा तरी जाऊ दे की." आणि अठ्ठावन्न हजार तिथल्या तिथे मोजून दिले. एकरकमी देणारे ते एकटेच.

चादरींवरून त्या बैठकीत वाद झालाच. आमच्या प्रमुख शिंदे मॅडम, निवृत्त शिक्षिका. त्यांचे म्हणणे, सोलापूरचा माणूस रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जात नाही, चाळीस चादरी न्यायच्याच. मामा म्हणाले, "मॅडम, तितं लोक उन्हानं घामाघूम असतात. चादरीनं काय घाम पुसायचा?" कोणी ऐकले नाही. फेब्रुवारीत पहिल्याच शाळेत आम्ही मुख्याध्यापकांच्या खांद्यावर जाड चादर घातली. ते बिचारे भाषण संपेपर्यंत हसतमुखाने घाम गाळत उभे राहिले. मामा माझ्या कानात कुजबुजले, पण त्यांची कुजबुज अख्ख्या पटांगणाला ऐकू जाई. "सोडवा की त्या माणसाला!"

तिसऱ्या शाळेत शिंदे मॅडम तिसरीच्या वर्गाला गोष्ट सांगत होत्या. त्या इंग्रजीत सांगत, तिथल्या मुख्याध्यापिका तमिळमध्ये समजावत. शेवटच्या बाकावर दर्शिनी नावाची मुलगी होती. गोष्ट संपल्यावर मुख्याध्यापिका आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ती शेवटची मुलगी मंद आहे. तीन वर्षांत अक्षरे आली नाहीत. महिनाअखेर तिचे वडील तिला शाळेतून काढणार आहेत, मावशीचे बाळ सांभाळायला पाठवणार आहेत."

मामांचे आमच्याकडे लक्षच नव्हते. ते त्या मुलीकडे पाहत होते. "देशमाने, ती पोरगी तोंडाकडं बघती. माझ्यासारखी."

जेवणाचे एक स्टीलचे ताट उचलून ते वर्गाच्या मागे गेले आणि त्यावर वाढायचा डाव आपटला. सगळी मुले दचकून वळली. दर्शिनीची नजर पाटीवरच होती. मग शेजारीण वळलेली पाहून तीही वळली.

"बघितलं? दुसरी वळली म्हणून ही वळली. मी बी असंच करतो. लोकाला वाटतं, म्हाताऱ्याला ऐकू येतंय."

शिंदे मॅडमनी ते इंग्रजीत सांगितले. मुख्याध्यापिका बाकावर बसल्या. "तीन वर्षे मी हिच्या पाठीमागे उभी राहून ओरडत होते," एवढेच म्हणाल्या. मॅडमनी ते मराठीत सांगितले, तेव्हा मामांना त्यांच्या ओठांवरून कळले. ते म्हणाले, "त्यांना म्हणावं, ओरडू नका. समोर या अन् तोंड दाखवा."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी तिला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. मामाही गेले. तपासणी फुकट झाली. दोन्ही कान अधू, पण मशीनने बरेच ऐकू येईल असे डॉक्टरांनी सांगितले. मशीन विकत घ्यायचे होते. दोन कानांची किंमत आपल्या पैशांत एकाहत्तर हजार पाचशे.

माझ्याकडे पैसे होते, पण ते पुस्तकांच्या कपाटांसाठी देणगीदारांनी दिलेले होते. मी स्पष्ट सांगितले, दुसऱ्याने ठरावीक कामासाठी दिलेल्या पैशांतून एक रुपया वळवता येणार नाही.

"वळवू नको की. आपल्या फिरायचा किती हाय?"

कामानंतरचे शेवटचे दोन दिवस समुद्रकिनारा, देवळे आणि हॉटेल असा बेत होता. माणशी साडेनऊ हजार, आठ जणांचे शहात्तर हजार. ते अजून कोणाला दिलेले नव्हते.

"मामा, आम्ही रजा टाकून आलोय," एक जण म्हणाला. "घरी गेल्यावर बायको विचारेल, काय बघितलं? तिला काय शाळेचा फळा दाखवू?"

मामांनी छताकडे नजर लावली. ऐकायचे नसले की ते ओठांकडे बघणेच बंद करत. शिंदे मॅडम हसल्या आणि फिरणे सोडायला जे तयार असतील त्यांना हात वर करायला सांगितले. आधी पाच हात वर गेले. सहावा माझा. उरलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघत हात वर केले. ते दोन दिवस आम्ही शाळेतच मुक्काम केला आणि उरलेल्या चादरी जमिनीवर अंथरल्या.

पण वडील तयार नव्हते. कोळी माणूस, फाटके जाळे खांद्यावर घेऊनच शाळेत आला. यंत्र हरवले तर, पोरी हसल्या तर, असे बरेच काही मुख्याध्यापिकांना म्हणत होता. मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. स्वतःच्या दोन्ही कानांवर हात ठेवले, मान हलवली. मग मुलीकडे बोट केले आणि दोन्ही हातांच्या चिमट्या जोडून पिळल्या. कारखान्यातली ती खूण मला माहीत होती. धागा तुटलाय, गाठ मार. त्या माणसाने खांद्यावरचे जाळे खाली घेतले, तुटलेल्या जागी बोट घातले आणि मामांकडे पाहिले. मामा ओरडले, "व्हय, व्हय! तेच!"

त्याने जाळे पुन्हा खांद्यावर टाकले. मग मुख्याध्यापिकांमार्फत म्हणाला, पोरीची शाळा सोडवणार नाही, पण दरवर्षीच्या बॅटऱ्या मला परवडायच्या नाहीत. वर्षाला साडेचार हजार लागणार होते. शहात्तर हजारांतून मशीनचे गेल्यावर नेमके तेवढेच उरत होते, म्हणून पहिले वर्ष सुटले. पुढचे कोण देणार, हे तिथे ठरले नाही.

जूनमध्ये मामा माझ्या घरी आले. चहा न घेताच विचारले, "ती पोरगी शाळा सुटेस्तोवर अजून किती वर्षं?"

"सात. एकतीस हजार पाचशे होतात. मामा, दरवर्षी थोडे थोडे द्या. आपण सगळे मिळून..."

"दरवर्षी? माझा काय भरवसा बे?" त्यांनी पिशवीतून सगळी रक्कम काढली. "पोराला माझ्या मशीनला पैसे ठेवू नको म्हटलं, तरी त्यानं ठेवलेच. माझ्या कानाला ऐकायला आता काय राहिलंय? तिला सगळं ऐकायचंय."

त्याच दिवाळीत मामा गेले. त्यांच्या मुलाला मी जूनमधल्या त्या पैशांची पावती नेऊन दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "मला म्हणाले होते, मशीन बुक केलंय."

दर्शिनी आता वाचते. मुख्याध्यापिका दर फेब्रुवारीत कळवतात. आतापर्यंत दोन हप्ते, नऊ हजार रुपये, शाळेच्या खात्यावर जमा केले. बावीस हजार पाचशे वेगळे ठेवले आहेत. या वर्षी पावतीसाठी शाळेने देणाऱ्याचे नाव विचारले. मी गटाचे नाव लिहिले नाही. राजय्या, विणकर, सोलापूर, असे लिहिले.