मुकादमाचं कासव

आन्सेल्मो त्सुकचा जन्म माती उकरण्यात गेला. आधी स्वतःच्या मक्याच्या शेतात, मग गावामागच्या पडक्या देवळांत, परक्या साहेबांसाठी. पदरात काय पडलं? दोन निकामी गुडघे आणि छातीत बसलेली चुन्याची धूळ. आता तो अंगणात जाळीच्या झोळीत पडून असे, आणि कुणी काही विचारलं की त्याला नुसता थकवा येई.

आज मेरिदाहून नात आली होती, नेल्सी. सोमवारी तिला प्रबंध द्यायचा होता.

"देवळात सापडलेल्या बुटक्या मडक्याला आपले माया लोक 'आक' म्हणायचे, कासव," ती वाचत होती. "म्हणजे पूर्वजांच्या लेखी ते मडकं म्हणजे पृथ्वीचं कासवच. चार प्रकरणं यावरच आहेत, आजोबा. शब्द देवळं खणणाऱ्या जुन्या साहेबांच्या कोशात मिळाला."

आन्सेल्मो झोळीत उठून बसला. गप्प राहिलं तर पोरगी सुखानं पास होईल. पण आपलं खोटं तिच्या नावावर छापून येईल, हे त्याला सोसवेना.

"ते कासव पृथ्वीचं नाही गं. मुकादमाचं."

"काय?"

"एलेउतेरियो मुकादम. मान आखूड, चाल ती तसली. आम्ही मागून त्याला आक म्हणायचो. ऊन मी म्हणत होतं, पोटात घोटभर आंबील, आणि साहेबाचं सकाळपासून एकच, 'याला काय म्हणतात?' त्यानं ते मडकं पुढं धरलं, तेवढ्यात मुकादम येताना दिसला. मी वैतागून म्हटलं, आक! साहेबानं लिहून घेतलं. मग आम्हीही हसत हसत त्या मडक्याला तेच म्हणायला लागलो."

नेल्सीनं कागद मिटले. "दोन वर्षं मी मुकादमाची आरती ओवाळतेय! मला आधी सांगायचं नाही?"

"तू कधी विचारलंस?"

"कोशात होता ना शब्द!"

"कोशात मीच होतो, बाई."

ती हसली, मग डोळे पुसले, आणि शेवटी पेन्सिल उचलली. "बरं. चार प्रकरणं गेली खड्ड्यात. खरा शब्द सांगा. तुमच्या आईच्या चुलीपाशी तसलंच मडकं होतं ना?"

होतं. आई त्यात मीठ ठेवायची, वरून फडकं बांधायची. "आण रे ते..." म्हणायची. आन्सेल्मोनं तोंड उघडलं. आईचा हात दिसला, फडक्याची गाठ दिसली. जिभेवर मात्र मुकादमच आला.

"थांब," तो म्हणाला.

नेल्सी थांबली. पेन्सिल कागदावर टेकलेली.

"शब्द गेला गं," तो म्हणाला. "हसता हसता मीच पुरला."