झमकीच्या घागऱ्याचे आरसे

झमकी गेली, हे मला मुकुटबनच्या बाजारात मिरच्या निवडताना कळलं. तांड्यावरच्या एका बाईने सहज सांगितलं आणि मी तिच्यावरच खेकसले, "काहीतरी बोलू नकोस!" त्याच आठवड्यात तर झमकी शाळेच्या ओट्यावर बसून माझ्या चहाला नावं ठेवून गेली होती...

आमची ओळख पासष्टच्या लढाईतली. तांड्याजवळच्या शाळेत मी शिक्षिका, आणि आसपास रेडिओ तेवढा माझ्याकडे. झमकीचा मुलगा थावरा हवाई दलात होता, सरहद्दीकडच्या तळावर विमानांत तेल भरायचा. आपल्या विमानांनी शत्रूचा तळ उडवल्याची बातमी लागली, तेव्हा ओट्यावर टाळ्या पडल्या, कुणी गूळ वाटला. झमकीने हात पुढे केला नाही. "बाई, आपुन त्याईचं जाळलं. आता ते आपलं जाळाले येतीन. अन् तिथं माहा थावरा हाये," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी रेडिओने तेच सांगितलं. कोणता तळ, ते मात्र सांगितलं नाही.

मग अफवा उठली, की विमानं राजूरच्या कोळसा खाणीवर येणार. शहरांत दिवे विझवतात, हे तांड्याने ऐकलं होतं. पण तांड्यात दिवे होतेच कुठे? चमकत होते ते बायकांच्या घागऱ्यांवरचे आरसे. तांड्याच्या नायकाने हुकूम सोडला आणि साऱ्याजणी घागरे उलटे नेसून शेतात निंदायला गेल्या. मला हसू आवरेना. "हासा तुमी," झमकी म्हणाली, "पण माह्या अंगावरची एक काच चमकाले नको."

थावरा जिवंत परतला; डोळे मात्र तळावरच्या आगीत गेले होते. उजेड आणि अंधार, एवढंच त्याला कळायचं. एस.टी.तून उतरून तो उन्हात उभा राहिला. झमकी घागरा सुलटा नेसून गेली होती. ती समोर आली, अजून हाक मारली नव्हती. "याडी?" त्यानेच विचारलं. आईला त्यांच्या बोलीत याडी म्हणतात. त्याला आरशांची चकाकी दिसली होती. मी धाय मोकलून रडले. ती रडली नाही.

पुढे तिचा नवरा वारला. विधवेने आरशांचा घागरा टाकायचा, अशी त्या तांड्याची रीत. नायक आधी समजवायला आला, मग दमात घ्यायला.

"रीत मले ठाऊक हाये, नायक," झमकी म्हणाली. "पण काच काढली त मा लेकाले माय कशी दिसन? टाका मले वाळीत."

टाकलं त्यांनी. लग्नकार्याचं बोलावणं बंद झालं. झमकी ढिम्म हलली नाही. निखळलेला आरसा ती त्याच दिवशी टाचायची, आणि उन्हातान्हात पुढे ती आणि मागे काठीशिवाय थावरा, अशी दोघं शेतात जायची. एवढी हट्टी बाई मी पाहिली नाही, आणि तिच्या त्या हट्टावर माझा फार जीव होता.

परवा थावराला भेटायला गेले. अंगावरचे कपडे मेलेल्या माणसाबरोबर चितेवर जायचे असतात. थावराने घागरा दिला नव्हता. हट्ट आईचाच. अंगणातल्या दोरीवर तो उन्हात टांगलेला होता आणि थावरा दाराशी त्याच्याकडे तोंड करून बसला होता. मी मध्येच उभी राहून सांत्वनाचं काहीबाही जुळवू लागले...

"बाई," तो म्हणाला, "जरा बाजूले व्हा. याडी दिसून नाही राह्यली."

मी बाजूला झाले.