मकबऱ्याच्या चित्रातला म्हातारा

बेगमपुऱ्यातल्या रामकिसनाशी त्याचा बाप, आप्पासाहेब, आठ वर्षं बोलला नव्हता. पोलीस ॲक्शननंतर कचेरीत लागलेली पक्की नोकरी पोरानं सोडली आणि चित्रं काढत बसला, हा गुन्हा. तेव्हापासून आप्पासाहेब जे काही बोलायचं ते सुनेमार्फत. "सूनबाई, तुमच्या मालकाला म्हणावं, मीठ इकडं सरकवा." मालक बसलेला हातभर अंतरावर! गल्लीला फुकटचा तमाशा.

त्या हिवाळ्यात रामकिसन रोज संध्याकाळी बीबीच्या मकबऱ्यासमोर रंग घेऊन बसायचा. घुमटाचा संगमरवर उजेड धरून ठेवी, मिनारांचा चुना आधीच विझे. हा फरक पकडायला गडी अर्धे डोळे मिटून बघायचा. तसं बघितलं की नाकडोळे विरघळतात, उजेड-सावली तेवढी उरते. गल्लीत ह्याला 'पेंगत चित्र काढणं' म्हणत. येणारेजाणारे तो सोडून देई. जागचं न हलणारं तेवढं घेई.

सतरा दिवसांनी चित्र पुरं झालं. गुलमंडीवरच्या फ्रेमवाल्या मुख्तारभाईंनी त्याला फ्रेम घालून दुकानाच्या दारात टांगलं. बघे जमले. काच पुसता पुसता मुख्तारभाई थबकले.

"रामकिसन, ये हौद के किनारे कौन बिठाया रे तू?"

"असंल कुणी म्हातारा. रोज तिथंच बसायचा, हलायचा नाय. म्हणून घेतला."

"अरे बाबा!" बघ्यांतला एक ओरडला. "कंबरेपासून गुडघ्यापर्यंत उपरणं आवळून, चपला बुडाखाली घेऊन बसणारा सगळ्या बेगमपुऱ्यात एकच हाय!"

रामकिसनानं नीट बघितलं, आणि हातातल्या बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. आप्पा! रोज संध्याकाळी खडकेश्वराच्या दर्शनाला म्हणून घरातून निघणारे आप्पा! चटका बसल्याचंही त्याला कळलं नाही. कारण त्याहून भयंकर गोष्ट पुढं होती. म्हाताऱ्याची पाठ मकबऱ्याकडं होती. तोंड इकडं, चित्र काढणाऱ्याकडं. सतरा दिवस बाप समोर बसून आपल्याकडं बघतोय, आणि आपण त्याचं धोतर किती राखाडी करायचं एवढंच ठरवतोय!

असली बातमी काय दुकानात थांबते? घटकाभरात आप्पासाहेब स्वतःच हजर. गर्दी फाटली. आता म्हातारा चित्र फोडणार, नाहीतर स्वतःला पुसून मागणार, असं ज्याला त्याला वाटलं. रामकिसनाला सगळ्यात जास्त.

आप्पासाहेबांनी बराच वेळ चित्र बघितलं. मग इकडंतिकडं बघितलं. निरोप सांगायला सूनबाई नव्हती. घसा खाकरला.

"माझं धोतर एवढं मळकं नसतंय."

रामकिसन ओला सदरा झटकत पुढं झाला. "सांजेचा उजेड हाये, आप्पा. पांढरंबी तसंच दिसतं."

"दिसतं कसं? चल, दाखव."

आणि उजेड जाईल म्हणून आप्पासाहेब स्वतःच मकबऱ्याच्या वाटेनं पुढं निघाले, तरातरा.