सात ठोक्यांची जागा

"शर्ट काढ," संयोजक म्हणाला.

तोरणमाळला तलावाकाठी संगीत महोत्सवाचा तंबू ठोकला होता. जानेवारी महिना, दुपारचे साडेतीन. माझ्या अंगात इस्त्री केलेला काळा शर्ट होता. खांद्याला लॅपटॉपची बॅग. चार वाजता वीस मिनिटं माझं संगीत वाजणार होतं. कार्यक्रमपत्रिकेत वेळ छापली होती. नाव छापलेलं नव्हतं, हे मला नंतर दिसलं.

"लॅपटॉप आमचा माणूस चालवेल," तो म्हणाला. "ट्रॅक तुझाच आहे, काळजी करू नको. तू समोर नाच. लोक पुण्या-मुंबईहून एवढा घाट चढून आलेत. शर्ट-पँट बघायला नाही आले."

कोपऱ्यातला एक खोका त्याने पायाने माझ्याकडे सरकवला. आत मोरपिसांचा टोप होता, घुंगरू होते, कमरेला बांधायची भोपळ्यांची माळ होती. भोपळे प्लास्टिकचे होते.

होळीला आमच्याकडचे काही पुरुष हा वेश करतात. त्यांना बुध्या म्हणतात. त्याआधी पालनी धरावी लागते. पाच दिवस खाटेवर झोपायचं नाही. पायात चप्पल नाही. अंघोळ नाही. आपलं जेवण आपणच रांधायचं. हे पाळलं तरच टोप डोक्यावर चढतो. होळी सरली की तो उतरवून ठेवतात, आणि आमच्या घरात वर्षभर तो कोणाच्या नजरेसही पडत नाही.

हे संयोजकाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी शर्ट काढला.

एक मुलगी ब्रश आणि पांढरा रंग घेऊन आली. मोबाइलवरचा एक फोटो बघत माझ्या गालावर ठिपके काढू लागली. मी तिला म्हणालो, "गालावर नाही. छातीवर आणि पोटावर. वाटीचं तोंड बुडवून गोल उठवतात." तिच्याजवळ वाटी नव्हती. तिने चहाचा कागदी कप घेतला.

"थँक्यू हं. बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली.

त्या दिवसातलं हेच मला सगळ्यात जास्त आठवतं. संयोजकाचा पाय नाही, प्लास्टिकचे भोपळे नाहीत. माझा अपमान बिनचूक व्हावा, याची काळजी मी घेतली.

ते संगीत काय होतं, ते सांगतो.

मी खांडबाऱ्यात एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचो. बँड म्हणजे पिकअप गाडी, तिच्यावर रचलेले स्पीकर, मध्ये बसलेले आम्ही पाच जण. लग्नसराईत गाडी हळूहळू चालते आणि मागे माणसं हात गुंफून ओळीत टिमली नाचतात. चारही महिने तोच ठेका. पाय विचार करत नाहीत, आपोआप पडतात. मला वाटायचं, तो पाय एकदा अडखळला पाहिजे. मग त्याने आपली वाट शोधली पाहिजे. डोंगरातली पायवाट मध्येच दगडात हरवते, तसं.

स्टेशनाजवळ माझी भाड्याची खोली होती. जुना लॅपटॉप घेतला. फोनवर बघून बघून शिकलो. टिमलीचा ठेका कापला आणि उलटा जोडला. क्लबात वाजतो तो जाड, एकसुरी बास त्याच्याखाली घातला. मालगाडीचे डबे रुळांच्या सांध्यावरून जाताना येणारा आवाज घेतला. कमरेच्या भोपळ्यांचा खुळखुळाट घेतला. त्याच्यावर बाबांचा मोठा ढोल, इतका संथ केलेला की एक थाप श्वासाएवढी लांब व्हावी.

आणि मधोमध सात ठोक्यांची शांतता.

ती फाइलमधली रिकामी जागा नव्हती. ते रेकॉर्डिंग होतं. आमच्या पाड्यावर होळीचा उंच दांडा जळत जळत कलू लागला की बाबा ढोल थांबवतात. दांडा पडेपर्यंत कोणी वाजवत नाही, कोणी बोलत नाही. तेवढा वेळ फक्त शंभरेक माणसांचा श्वास असतो. मी तो फोनवर घेतला होता. मोजला तेव्हा त्या संथ थापेचे बरोबर सात ठोके भरले. सगळा ट्रॅक मी त्या सात ठोक्यांभोवती बांधला.

बँडच्या मालकाला तो ऐकवला. मालक अहिराणी बोलतो.

"हाई लगीनना बँड शे का पीठनी चक्की?" तो म्हणाला. "नवरदेव घोडावरथून उतरीसन पयी जाई रे भो!"

पळणारा नवरदेव डोळ्यांसमोर आणून गाडीवरचे सगळे हसले. मीही हसलो. बाकीचे चौघे खांडबाऱ्याच्या आसपासचे, आपसात मावची बोलायचे. मी पावरा, वरच्या डोंगरातला. त्यांचं माझं वाकडं नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं. खोलीवर येऊन मी हेडफोन लावायचो. दोन वर्षं त्या संगीताला मी एकटाच ऐकणारा होतो. मग तो ट्रॅक मी इंटरनेटवर टाकला आणि तीन महिन्यांनी संयोजकाचा फोन आला. "आम्हाला हे पाहिजे," तो म्हणाला होता. 'हे' म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

चार वाजता त्याने माइक हातात घेतला.

"आता ऐका सातपुड्याच्या जंगलाचा आवाज! सोबत आहेत आपले आदिवासी बांधव!"

बांधव एकच होता. ट्रॅकमध्ये जंगलाचा एकही आवाज नव्हता.

मी नाचलो. लोकांनी फोन वर धरले. दहाव्या मिनिटाला ती शांतता आली. मी थांबलो. मला वाटलं, आता तरी हे लोक ऐकतील. एक ठोका. दुसरा. तिसऱ्याला लॅपटॉपवरच्या माणसाने कळ दाबली आणि कुठला तरी तयार धमाका सुरू केला. लोक ओरडले, उड्या मारू लागले. मी त्यांच्याकडे तोंड करून उभा होतो, कमरेला प्लास्टिक. मग मीही उड्या मारल्या.

नंतर तो माणूस मला म्हणाला, "मध्ये गॅप राहिला होता. मी भरून घेतला." त्याने हे चांगल्या मनाने सांगितलं.

गॉगल लावलेल्या एक बाई जवळ आल्या. "किती नॅचरल नाचतोस रे! आणि हे लॅपटॉपवरचं म्युझिक तुला कळतं का?"

"थोडं थोडं," मी म्हणालो.

माझं गाव तिथून घाटाखाली दोन तासांवर आहे. मी पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता.

आता नवसाचं सांगायला हवं. मी सहा वर्षांचा असताना तापाने पडलो होतो. बाबा बोलले होते, पोरगा उठला तर मोठा झाल्यावर पाच होळ्या बुध्या होईल. चार झाल्या होत्या. पाचवी त्याच मार्चमध्ये होती.

बाबांनीही तो बघितला होता. तिसऱ्या दिवशी अंगणात ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पालनी धरली होती?"

"नाही."

"मग ते कोण नाचलं?"

त्यांनी आणखी एक दोरी ताणली. थाप मारून बघितली.

"पहिल्यापासून धर," ते म्हणाले. "झालेल्या चार गेल्या."

मी म्हणालो, "बाबा, त्यांनी माझा आवाज घेतला आणि मला नाचवलं."

"आवाज आधी तू माझा घेतला होतास," ते म्हणाले. "विचारलं होतंस?"

विचारलं नव्हतं. फोन लपवून रेकॉर्ड केलं होतं. बाबांनी एवढंच विचारलं आणि ढोल उचलून आत गेले. त्या मार्चला मी पालनी धरली. वर्ष पहिलं.

त्या होळीनंतर मी बाबांना ट्रॅक ऐकवला. हेडफोन त्यांच्या कानावर मीच लावला. ते पूर्ण वीस मिनिटं बसून राहिले. सात ठोक्यांच्या जागी त्यांनी डोळे उघडले आणि समोरच्या डोंगराकडे बघितलं. हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"ढोल माझा आहे," ते म्हणाले. "बाकी काय आहे ते मला कळत नाही."

"राहू देऊ?"

"राहू दे. पण थांबतो तिथे कोणी हात लावायचा नाही."

आवडलं, असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

पुढचे महिने मी खांडबाऱ्यातच होतो. पावसाळ्यात लग्नं नसतात. बाकीचे चौघे आधी शेतात आणि दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेले. मी खोलीत बसून तोच ट्रॅक पुन्हा बांधला. पाड्यावर माझं संगीत लागत नव्हतं. बँडला लागत नव्हतं. शहराला ते हवं होतं, पण त्यात मी नको होतो. आठवडे आठवडे भाजीवाली आणि चहावाला सोडून माझ्याशी कोणी बोललं नाही.

डिसेंबरात संयोजकाचा फोन आला.

"यंदा मोठ्ठा स्टेज आहे. तोच गेटअप ठेवू. लोकांना फार आवडला."

मी म्हणालो, "सर, मी शर्ट घालून येईन. लॅपटॉप मी चालवीन. पत्रिकेत नाव छापा. मधे थांबतो तिथे कोणी काही दाबायचं नाही."

तो हसला. "अरे राजा, शर्ट घालून लॅपटॉप वाजवणारे आमच्याकडे पन्नास आहेत. मग तुझ्यात वेगळं काय राहिलं?"

"ट्रॅक."

"ते ठीक आहे रे. पण बघायला काय?"

"मग बोलवू नका."

त्याचा आवाज बदलला. "तुला प्लॅटफॉर्म आम्ही दिला, विसरू नको."

"तुम्ही प्लास्टिकचे भोपळे दिले," मी म्हणालो.

फोन मी ठेवला. बाहेर मालगाडी जात होती. ती पूर्ण जाईपर्यंत मी उभाच राहिलो. आनंद झाला नाही. माझं संगीत ऐकलं जाईल अशी एकच जागा होती, ती मी बंद केली होती.

मार्चमध्ये दुसरी होळी झाली. एप्रिलमध्ये खांडबाऱ्याजवळच्या एका गावात लग्न होतं. दुपारचे चार. वरात निघायला उशीर होता. मालक मांडवात जेवायला गेला होता आणि माणसं गाडीमागे ओळी धरून वाट बघत होती. माझ्या अंगात काळा शर्ट होता. मी लॅपटॉप काढला आणि वायर गाडीच्या मशीनला जोडली.

टिमलीचा ठेका ऐकताच ओळ हलली. मग ठेका उलटा फिरला. पाय अडखळले, माणसं एकमेकांवर आदळली, हसली, पुन्हा ओळ धरली. पाच मिनिटं धरली. मग एकेक हात सुटू लागले. काही जण सावलीला जाऊन बसले. दहाव्या मिनिटाला शांतता आली.

"ए बँडवाला, चार्जिंग संपनी का रे?" कोणीतरी ओरडलं. मोठा हशा झाला.

एक. दोन.

मालक मांडवातून धावत आला, हाताला वरण तसंच. "वाजाड रे! वाजाड!"

तीन. चार. माझ्या शेजारच्या ढोलवाल्याने काठी उचलली. मी त्याचं मनगट धरलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

पाच. सहा. स्पीकरमधून आमच्या पाड्यावरचे श्वास ऐकू येत होते. ते काय आहे, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

सात. बाबांची थाप पडली.

ओळीत एकही माणूस नव्हता. मी उरलेली दहा मिनिटं वाजवली आणि वायर काढली.

"उतर गाडीवरथून," मालक म्हणाला. "सकायपासून येऊ नको."

मी उतरलो. बॅग खांद्याला लावली आणि स्टेशनाच्या रस्त्याने चालत खोलीवर आलो.

तीन होळ्या बाकी आहेत. पालनी धरून मी त्या पुऱ्या करीन. टोप त्याच दिवसांत डोक्यावर चढेल. दुसऱ्या कुठल्या दिवशी, कुठल्या तंबूत, कोणाच्या सांगण्यावरून चढणार नाही. वर्षाचे बाकीचे दिवस मी काळा शर्ट घालून वाजवीन. वर नाव माझं असेल, खाली बाबांचं. माणसं उठून गेली तर जाऊ देत. मैदान रिकामं असलं तरी ट्रॅक वीस मिनिटांचाच राहील. आणि ते सात ठोके भरायला जो कोणी हात पुढे करील, त्याचं मनगट मी धरीन.